माझ्या डाव्या बाजूला

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर वाचले ते, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात खोडून काढण्यासाठी. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि शांतपणे शोधलं तर ते सापडतं, या समजुतीवर माझी केंद्र सरकारातली उभी नोकरी झाली. माझ्या आतेभावाने एकदा असाच काही प्रसंग सांगितला, तेव्हा मी चारचौघांत त्याला हसलो होतो. त्याची मनोमन क्षमा मागून हे लिहितो आहे. कुणाला पटवून देण्याचा हेतू नाही… अजून मलाच ते पटलेलं नाही.

आम्ही दिल्लीत मयूर विहार फेज वनमध्ये राहतो. सोसायटी जुनी, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी पत्नी उज्ज्वला हिला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. वाचा परत आली, बुद्धी तर पहिल्याहून तल्लख. पण उजवा हात आणि उजवा पाय गेला तो गेलाच. त्या पायाला टाचणी टोचली तरी तिला कळत नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हॉस्पिटलला जाताना चौघांनी तिला खुर्चीतून उचलून न्यायचं — तिचं खाली उतरणं म्हणजे एवढंच. खिडकीतून तिला समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, आणि हिवाळ्यातल्या धुरकट दिवसांत त्याही दिसत नाहीत.

फोटोग्राफीचं खूळ माझ्या डोक्यात तिनेच घातलं.

"अहो, दिवसभर माझ्याकडे असे बघत बसता ना, की मला वाटतं मी आजच जाणार," ती एकदा म्हणाली. "कॅमेरा आहे, धड पाय आहेत. जा कुठेतरी!"

नोएडातल्या एका संस्थेत शनिवार-रविवारचा फोटोजर्नलिझमचा कोर्स होता. वर्गातली मुलं माझ्या मुलांच्या वयाची. मी सगळ्यांचा 'अंकल'. शिकवायला नसरीन मॅडम होत्या. वृत्तपत्रात बरीच वर्षं काम केलेल्या, जेमतेम चाळिशीच्या, बोलायला मऊ आणि फोटो बघताना निर्दय. त्यांचा आग्रह एकच — मोठी बातमी शोधत हिंडू नका, आपल्या वस्तीतलं रोजचं जगणं टिपा.

पहिल्या असाइनमेंटसाठी मी आमच्या भागातला आठवडी बाजार निवडला. जानेवारीतली दुपार, ऊन नावालाच. दोनेक तास फिरून घरी आलो. कॅमेरा अजून बॅगेतच होता, आणि उज्ज्वला म्हणाली,

"ती शकरकंदीवाली डाव्या हाताने सोलते, पाहिलंत?"

"कोण?"

"कोपऱ्यावरची हो. रताळं पाटावर ठेवते, उजवा हात त्यावर नुसता वजनासारखा टेकवते, आणि सुरी चालते ती डाव्या हाताची. मला जमेल का हो असं?"

मला वाटलं, फुलमणीने सांगितलं असेल. फुलमणी म्हणजे तिची देखभाल करणारी बाई. विचारलं तर ती म्हणाली, "मैं तो नीचे उतरी ही नहीं, सर. और मॅडम तो आपके जाते ही सो गई थीं. चाय के लिए भी नहीं उठीं."

मी कॅमेरा उघडला. मटारवाल्याच्या एका फोटोत, मागे, अगदी कडेला, एक बाई शेगडीपाशी बसली होती. फोटो मोठा करून पाहिला. सुरी डाव्या हातात होती. तिला पाहिल्याचं मला आठवतही नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुद्दाम तिच्याकडे रताळी घेतली आणि विचारलं. ती म्हणाली, "इसी सर्दी में आई हूँ, बाबूजी." म्हणजे उज्ज्वलाने आजारापूर्वी कधी तिला पाहिलं असेल, हाही मार्ग बंद झाला. मी तरीही योगायोग म्हणून विषय सोडून दिला. वर्गात मात्र तो सुटला नाही.

मॅडमनी माझे फोटो पडद्यावर लावले. एक झाला, दुसरा झाला… तिसऱ्याला त्या थांबल्या.

"सबनीसजी, ये लोग देख किसको रहे हैं?"

मीही तेव्हाच नीट पाहिलं. भाजीवाला, दोरीवर कपडे लावणारी मुलगी, बाकावरचे म्हातारे — एकही जण लेन्समध्ये पाहत नव्हता. आपल्या कामातही कुणी गढलेलं नव्हतं. सगळे कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, माझ्या डाव्या खांद्याजवळ बघत होते. आणि बघणं कसं, तर आपल्याला निरखणाऱ्या कुणा प्रेमळ बाईकडे पाहून माणूस ओशाळं हसतो ना… तसं.

"अंकल गर्लफ्रेंड को साथ ले जाते हैं, मॅम!" मागून एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला. मीही हसलो.

"जो भी हैं, उन्हें घर छोड़कर जाया कीजिए," मॅडम म्हणाल्या. "आपके लोग आपको देख ही नहीं रहे."

मी एकटाच गेलो होतो, हे मी सांगितलं नाही.

त्यानंतर करोल बाग. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्यांच्या गल्लीत मी बरीच पायपीट केली. एका दुकानाबाहेर एक सरदारजी मशीनवर बसले होते. फोटो काढू का विचारलं, तर त्यांनी आधी चहा मागवला आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. चहाचे ग्लासही दोन आले.

"पाजी, दूसरी किसकी?"

"बहनजी के लिए…" ते म्हणाले, आणि माझ्या डावीकडे बघता बघता थबकले. "अभी तो… आप अकेले आए हो?"

"जी."

"कमाल है यार," ते स्वतःशीच म्हणाले. मग दुसरा ग्लास त्यांनी स्वतःकडे ओढला आणि नंतर माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

घरी आलो तर उज्ज्वला नुकती जागी झाली होती. चेहरा उतरलेला, हात गार. फुलमणी घाबरली होती. म्हणाली, दुपारभर हाका मारल्या, डोळे उघडले नाहीत. मी उशाशी बसलो. तशाही अवस्थेत तिच्या डोळ्यांत असं काही होतं, जे मी झटका आल्यापासून पाहिलं नव्हतं. पुष्कळ हिंडून आलेल्या माणसाचं समाधान होतं ते.

"पायांना जरा तेल लावा हो," ती म्हणाली. "किती चालवलंत आज!"

मी डाव्या पायाला तेल लावू लागलो.

"त्यालाही लावा ना. दोन्ही दुखतायत."

टाचणी टोचलेली न कळणारा तो पाय माझ्या हातात होता, आणि पोटरीला बोट लागताच ती कळवळली.

या ठिकाणी मी तिला विचारायला हवं होतं. तू येतेस का माझ्याबरोबर, एवढंच. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले — बीपी बरंच खाली होतं, अशक्तपणा वाढतो आहे म्हणाले. तेवढा आधार मला पुरला. कोर्सला काही आठवडे सुट्टी आहे, असं मी तिला खोटंच सांगितलं आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

तिची प्रकृती जपण्यासाठी मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. अशी आणखी दोन-चार हिंडणी तिला झेपली नसती, असं मला खरंच वाटत होतं. पण पुन्हा पुन्हा तपासून पाहताना आता एवढं कबूल करावं लागतं — त्या संध्याकाळी, तिचा पाय हातात असताना, मला तिच्यासाठी भीती वाटली नव्हती. मला तिची भीती वाटली होती. आणि ते तिला कळलं असावं.

पहिले काही दिवस ती विचारायची. "आज बाजार असेल ना?" "शकरकंदीवाली उन्हाळ्यात काय विकत असेल हो?" मी म्हणायचो, तू आराम कर. मग तिने विचारणं सोडलं.

एप्रिलमध्ये मॅडमचा फोन आला — शेवटचं काम दिलं नाही तर कोर्स अपुरा राहील. मी कॅमेरा काढला. निघताना पलंगापाशी उभा राहिलो. जे बोलायचं होतं ते शब्दांत मांडणं मला फार अवघड गेलं.

"चल," मी म्हणालो.

"कुठे?"

"बाजारात. माझ्याबरोबर."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वेडे आहात का?" ती हळूच म्हणाली. "मी कशी येणार? तुम्ही जा."

मी मुद्दाम सावकाश चाललो. डावीकडे थोडी जागा ठेवून चाललो, हे सांगायला संकोच वाटतो. फोटो काढले. प्रत्येक माणूस थेट लेन्समध्ये बघत होता. मॅडमनी ते फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "अब ये आपकी तस्वीरें हैं." मला सर्टिफिकेट मिळालं.

याचा उलगडा मला झालेला नाही. माणसांची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला जाणं, खालावलेलं बीपी, मज्जातंतूंच्या वेदना — सुटं सुटं धरलं तर प्रत्येकाला काहीतरी उत्तर देता येईल. एकत्र धरलं की माझ्याजवळ काहीच उरत नाही. डॉक्टर हल्ली खूश आहेत. बीपी स्थिर आहे, ती वेळेवर जेवते, दुपारची झोपतसुद्धा नाही. टीव्ही बघते. मी कामासाठी खाली जाऊन आलो की तिला सगळं तपशीलवार सांगतो. कोपऱ्याकोपऱ्यात कोण काय करत होतं, ते लक्षात ठेवून येतो. ती ऐकून घेते. परवा सांगितलं, त्या रताळीवाल्या बाईने आता भुट्ट्यांची शेगडी मांडली आहे, आणि कणसंसुद्धा डाव्या हातानेच फिरवते.

"असेल," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.