स्पेनची खडी

माझा मुलगा दरवर्षी मे महिन्यात खडीवर सायकल चालवायला स्पेनला जातो. आमच्या पुण्यात रस्त्यावर खडी पडली की लोक दुसऱ्या रस्त्याने जातात. हा सायकल खोक्यात भरून विमानाने खडीकडे जातो. ते खोकं आठवडाभर आधीपासून बैठकीच्या खोलीत उघडं पडलेलं असतं. चाकं काढायची, हँडल वळवायचं, दांड्यांना फोमच्या नळ्या बांधायच्या. सून त्या खोक्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते.

मी उन्हाळ्यात तीन महिने त्यांच्याकडे नेदरलँड्समध्ये, लायडस्खेनडामला येते. व्हिसा तेवढाच मिळतो. सकाळी आठला घर रिकामं होतं. मुलगा ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडास भागातल्या ऑफिसात. सून हेगला कामावर, नात शाळेत. मग मी आणि फ्रिजचा आवाज. शेजारी चांगले आहेत, हात हलवतात. त्यापुढे आमच्यात काही होऊ शकत नाही, त्यांना मराठी येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही. मी खिडकीच्या काचा पुसते, दुपारी परत पुसते. संध्याकाळी सगळे येतात ते दमून. नातीला मराठी कळतं, पण ती उत्तर डचमध्ये देते, आणि मी कळल्यासारखी मान हलवते. ही तक्रार नाही. आहे ते सांगते आहे.

या वर्षी एका रविवारी मुलाने मला गेल्या खेपेचे फोटो दाखवले. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथे कोळशाच्या खाणीची लहान रेल्वे होती. खाण बंद पडली, रूळ उखडले आणि त्या जागी बारीक खडीचा रस्ता केला, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. गाडी नाही, स्कूटर नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, मधेमधे बोगदे. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. कोळशाची गाडी चढायची म्हणजे चढ हलकाच ठेवावा लागतो, असं तो सांगत होता. एका फोटोत नवराबायको सायकली धरून उभे होते, दोघांचे केस पांढरे.

"ही बाई तुझ्याहून मोठी असेल बघ," तो म्हणाला आणि पुढच्या फोटोवर गेला.

त्याने ते सहज म्हटलं. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. ती बाई जाते तर मी का नाही? तीन महिन्यांतला एक आठवडा तो रजा घेतो, आणि तोच आठवडा मी त्याच्याशिवाय काढते. या वेळी मी त्याच्याबरोबर जायचं ठरवलं.

मला सायकल नवी नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्नानंतर मी खडकीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागले आणि म्हातारी होईपर्यंत तेच केलं. येरवड्याहून खडकीला रोज सायकलनेच जात होते, पदर कमरेला खोचून. त्यामुळे सायकल येते का हा प्रश्न नव्हता. इतकी वर्षं मधे गेली, हा होता. म्हणून आधी सराव करायचा आणि मगच मुलाला सांगायचं असं ठरवलं. नुसतं सांगितलं असतं तर त्याने मला रागे न भरता विषय बदलला असता. इथे राहून तो तसं शिकला आहे.

सुनेची जुनी सायकल मागच्या अंगणात असते. सूनही माझ्याएवढीच बुटकी, त्यामुळे सीट बरोबर होती. घर रिकामं झालं की मी ती बाहेर काढायची आणि कालव्याच्या कडेला घेऊन जायची. पहिल्या दिवशी नुसती हातात धरून चालले. दुसऱ्या दिवशी बसले. निघायच्या आधी पेडल उलटं फिरवून वर घ्यायला गेले तर ते उलटं फिरेना. चेन गंजली असेल, असं मला वाटलं. सून सायकलला तेल घालत नाही, हेही वाटलं. हँडलला एकच ब्रेक होता, सपाट रस्त्याला तो पुरत होता. आठवड्यात मी पुढच्या पुलापर्यंत जाऊन यायला लागले. बदकं बाजूला होत, माणसं हात करत. संध्याकाळी घरचे आले की मी काहीच सांगत नसे. मला मजा येत होती.

मग एक दिवस पूल ओलांडला. इथले पूल मधे उंच असतात. चढून गेले, आणि उतार लागल्यावर पायांनी जुनं काम केलं. उतारावर पेडल मारायचं थांबवून पाय उलटे फिरवायची मला सवय होती, चेनची कटकट ऐकायला बरी वाटायची. पुण्यात सगळेच तसं करतात. इथल्या सायकलींना ब्रेक पेडलमध्येच असतो. उलटं मारलं की मागचं चाक जागीच थांबतं. ते कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण मी सायकल चालवते हेच कुणाला माहीत नव्हतं. चाक थांबलं, मी थांबले नाही. डाव्या मनगटावर पडले.

कुत्रा फिरवणारी एक बाई धावत आली. ती डचमध्ये बोलत होती, मी मराठीत. "हात गेला," मी म्हटलं आणि हात दाखवला. तिला कळलं. मुलाचा नंबर माझ्या गळ्यातल्या पाकिटात असतो, तिने तो लावला. मुलगा येईपर्यंत ती माझ्याजवळ गवतात बसून राहिली, आणि कुत्रा माझी चप्पल चाटत होता.

हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी घरी आलो. जेवणाच्या टेबलाशी मुलाने पहिल्यांदा नीट विचारलं, "आई, तू निघाली कुठे होतीस?"

"स्पेनला."

सुनेला हसू आलं. "आई, तो रस्ता डेल्फ्टला जातो हो."

तोही हसला. मग त्याला कळलं मी काय म्हणते आहे, आणि तो हसायचा थांबला. त्याने फोटोतल्या बाईबद्दल काय म्हटलं होतं ते मी त्याला सांगितलं. नंतर तो बराच वेळ बोलत होता. या वर्षीची ट्रिप रद्द करतो म्हणाला. पुढच्या वर्षी मला घेऊन जाईल, बॅटरीवर चालणारी तीन चाकांची सायकल तिथे भाड्याने मिळते का बघेल, हळूहळू जाऊ, बोगद्याशी थांबू, डबा घेऊन जाऊ. लहानपणी कारलं खायचं नसलं की तो असाच थांबायचं नाव न घेता बोलायचा.

"एवढं नको सांगू," मी म्हटलं. "मी यावं असं तुला वाटतं का?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने ताटं उचलली आणि आत गेली.

"आई, मी तिथे एकटा असायला जातो," तो म्हणाला. "दिवसभर मला कुणी हाक मारत नाही. या दोघींनाही मी नेत नाही."

मला वाईट वाटलं. नाही वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी इथे सकाळी आठपासून कुणी हाक मारेल म्हणून बसते, आणि माझा मुलगा हाक ऐकू येऊ नये म्हणून डोंगरात जातो. हे मी त्याला म्हणणार होते. पण खडकीचा रस्ता आठवला. घरी सासू, नवरा, तीन पोरं. कँटीनमध्ये मुकादम. मधला रस्ता तेवढा माझा. सासू म्हणायची बसने जा, पडशील कुठेतरी. नवऱ्याने पासही काढून देतो म्हटलं होतं. मी नको म्हटलं, बसला गर्दी असते असं कारण दिलं. खरं कारण गर्दीचं नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि मुलाने ते मला तोंडावर सांगितलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त धीर आहे.

"मग जा," मी म्हटलं. "रद्द कशाला करतोस? प्लास्टर काय तू धरून बसणार आहेस?"

"रोज फोन करतो."

"रोज नको. एकदा तो रस्ता दाखव, सायकल चालत असताना. बोलू नकोस, नुसता दाखव."

तो गेला. खोकं गेल्यावर खोली मोठी झाली. नातीने माझ्या प्लास्टरवर लाल गोल काढला आणि त्यात सायकल. इथे रस्त्यावर सायकलला बंदी असली की तशी पाटी असते. मला ती फार आवडली. सून सकाळी माझी वेणी घालून कामावर जायची, आणि मग घर रिकामं. आता कालव्यावरही जाता येत नव्हतं.

बुद्धपौर्णिमा त्याच आठवड्यात आली. संध्याकाळी सून आणि नात आल्या की वंदना करायची होती. दुपारी मी एका हाताने खीर ढवळत होते, तेव्हा त्याचा व्हिडिओ आला. गॅस बंद केला आणि खिडकीशी बसले. त्याने फोन हँडलला लावला होता. खडी चाकाखाली करकरत होती. कडा, हिरवं गवत, खाली नदीचा आवाज. एक गाय रस्त्यातच उभी होती, तो थांबला, ती गेली. सांगितल्याप्रमाणे तो एक शब्द बोलला नाही. मग बोगदा आला आणि सगळं काळं झालं. वरून पाणी ठिबकत होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मग तो गुणगुणायला लागला. सूर धड नव्हता. कॉलेजात असताना अंघोळ करताना तो तसा गायचा, त्यानंतर मी ते कधी ऐकलं नव्हतं. या घरात तर नाहीच. फोन चालू आहे हे तो विसरला असावा.

मी तिथेच बंद केलं. रस्ता माझ्यासाठी होता, ते गाणं नव्हतं.

खीर तळाला थोडी लागली होती. वरची वरची दुसऱ्या भांड्यात काढली. संध्याकाळी वंदना झाल्यावर त्याचा फोन आला.

"पाहिलास का गं?"

"पाहिला. बोगद्यापर्यंत."

"अगं, पुढे बघ ना. बोगदा संपला की सगळी दरी दिसते."

"बघेन," मी म्हटलं.

अजून बघितलेली नाही.