एका गोळीचं काडतूस

मागच्या आठवड्यात शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं मला गोंदियातलं बंदुकीचं दुकान आठवलं.

दोन हजार तीन साल असावं. आमगावजवळच्या आमच्या शेतात धान पिकला होता आणि रानडुकरं रोज बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेले धानाचे तुकडे, तुडवत होती. वनखात्याची परवानगी मिळाली, तेव्हा माझे वडील, बाबूजी, त्यांच्या बारा बोअरच्या बंदुकीसाठी काडतुसं घ्यायला निघाले. मीही सोबत गेले.

दुकानदार म्हणाला, "छर्रेवाला लीजिए. फैलता है, कहीं तो लगेगा."

"लागंल, पण मरंल का?" बाबूजी म्हणाले. "एका गोळीचं द्या."

त्यांची नजर अधू झाली होती. मला राग आला. "बाबूजी, एकच गोळी कायले? चुकली तर?"

"चुकली तर डुक्कर पळून जाईल. छर्रे लागून धानात बसून राहिलं, तर सकाळी कापायले येनाऱ्या बायांवर धावंल."

त्या आठवड्यात बाबूजींनी दोनदा गोळी झाडली. दोन्ही वेळा नेम चुकला. अर्धी बांधी आडवी झाली आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आडव्या झालेल्या धानाचं आता काही वाटत नाही. कापणीची ती सकाळ मात्र स्पष्ट दिसते. बाया विळे घेऊन बांधावर थांबल्या होत्या, आणि बाबूजी हातात काठी घेऊन, एकटेच, आधी सगळ्या बांध्या पायाखाली घालून येत होते.