सुबिनयच्या आईचं नाव

कौसल्या तोंडाची फटकळ. भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची, आणि शेठलाही चार शब्द सुनवायला कमी करायची नाही. पण गल्लीत खाकी कपडा दिसला की याच बाईची पाचावर धारण बसायची. कारण तिच्या पडवीत सुबिनय राहत होता.

सुबिनय चाकमा बांगलादेशातल्या डोंगराकडचा, कौसल्येसारखाच बौद्ध. लष्करानं गाव जाळलं तेव्हा आईला घेऊन पळाला, तिला त्रिपुरातल्या छावणीत ठेवून पोटामागे इथवर आला. कौसल्येला तो पहिल्यांदा दिसला विहारात. मराठीचं ओ की ठो येत नव्हतं, पण वंदना तोंडपाठ. तिला गलबलून आलं आणि ती त्याला घरीच घेऊन आली.

चौऱ्याण्णव साली बांगलादेशी शोधायला पोलीस वस्त्या पालथ्या घालू लागले. पकडलं की सीमेपलीकडे नेऊन सोडतात, हे ऐकून सुबिनयची झोप उडाली. चेहरेपट्टी वेगळी, म्हणून कौसल्येनं त्याला नेपाळचा दामू करून टाकलं. दाराची कडी वाजली की दोघांच्या काळजात धस्स व्हायचं, आणि बाहेर उभी असायची वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण कलावती. तो आईबद्दल बोलायला लागला की कौसल्या त्याला गप्प करायची. आपल्याला जेवढं कमी माहीत तेवढं बरं. उद्या कोणी दरडावलं तर तोंडातून जायला नको.

मग त्याला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, तरी तो सरकारी दवाखान्यात जाईना. तिथे नाव-गाव विचारतील. धास्ती तिलाही होती, म्हणून तिनंही जोर केला नाही, झाडपाल्यावर भागवत राहिली. शुद्ध हरपली तेव्हा कुठे रिक्षात घालून नेलं. फार उशीर झाला होता. तो वाटेतच गेला, तोही दामू म्हणूनच.

त्याच्या जलदान विधीला विहार भरला. मागे शेजारचा पंढरीनाथ हवालदारही बसलेला. बौद्धाचार्यांनी ‘कालकथित दामू’ म्हणून सुरुवात केली आणि कौसल्या उभी राहिली.

“दामू न्हाय,” ती म्हणाली. “सुबिनय चाकमा. बांगलादेशातून जीव वाचवून आलेला. मीच लपवला.”

बौद्धाचार्यांनी हळूच विचारलं, आईचं नाव काय, तिला कळवायला हवं. सुबिनय कौसल्येच्या ताटात जेवला, तिच्या मांडीवर गेला, आणि एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

“तो सांगत व्हता. मीच ऐकलं न्हाय, भ्याले,” ती म्हणाली. मग घाबरत घाबरतच तिनं हवालदाराकडे तोंड केलं. “तुमच्या दारात असा कोनी आला, तर त्याचं तोंड दाबू नका. पयलं त्याच्या आईचं नाव विचारून घ्या.”