चौकटीतला ‘ए’

सत्तरच्या दशकात आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन मी वाशीमच्या, लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथे इंग्रजी ड्रॉइंग वाचणारा मी एकटाच होतो, त्यामुळे माझा शब्द अखेरचा. एकदा पुण्याहून पंपाच्या बारा झाकणांचं काम आलं. ड्रॉइंगमध्ये झाकणाच्या सपाट बाजूला रेघ जोडून चौकटीत ‘ए’ काढला होता.

म्हातारे मिस्त्री म्हणाले, "हे अक्षर कायले हाय?"

"झाकणावर ठोकायचं आहे," मी सांगितलं. मलाही ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करणं प्रमाणपत्राला शोभलं नसतं. त्यांनी बाराही झाकणांवर त्याच बाजूला सुबक ‘ए’ ठोकला.

पंधरा दिवसांनी झाकणं घेऊन पुण्याचे इंजिनिअर स्वतः आले. ते अक्षर म्हणजे त्या बाजूचं नाव, असं त्यांनी समजावलं. सगळी मापं तिथूनच घ्यायची, म्हणून ती बाजू सर्वांत सपाट हवी. आम्ही नेमकी तीच ठोकून खडबडीत केली होती.

"बाकी मापं मात्र अचूक आहेत. कशी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"याच बाजूनं," मिस्त्री म्हणाले. "एक बाजू पक्की धरल्याबिगर मोजता येते काय? अक्षराचं मले नाई समजलं, ते यायनं सांगतलं."

इंजिनिअरांनी माझं शिक्षण विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं. सुदैवाने झाकणांच्या जाडीत थोडी सूट होती, त्यामुळे वरचा पातळ थर काढता येणार होता. दोन दिवस मी लेथवर ती अक्षरं कातून काढत होतो आणि मिस्त्री शेजारी उभे राहून मला शिकवत होते.