रूथबाईंसाठी नेलेल्या वड्या

मीरा, ओम,

न्यू जर्सीहून निघायला दोनच दिवस उरले होते आणि रूथबाईंचे आभार मानायचे राहिले होते. तो शुक्रवार होता. संध्याकाळपासून ज्यूंचा शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस) सुरू होतो, म्हणून त्यांची बेकरी दुपारी दोनलाच बंद होते. तुमची अनघाआत्या मला पिस्कॅटवेहून अर्धा तास ड्राइव्ह करून घेऊन गेली.

आधीच्या आठवड्यात याच बेकरीच्या दारात माझा पाय मुरगळला होता. एवढ्या गर्दीत रूथबाईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः बसून घोट्याला बर्फ लावला. बाई माझ्याच वयाच्या, सत्तरीच्या. म्हणून मी नारळाच्या वड्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात भरून नेल्या.

आत ताज्या पावाचा वास भरला होता. वेणी घातलेले, वर तीळ लावलेले हल्ला (शब्बाथचे पाव) फळीवर ओळीने मांडले होते. मी डबा काउंटरवर ठेवणार, तोच रूथबाई ओरडल्या, "नको, नको! इथे ठेवू नका!"

रांगेतले सगळे वळून बघू लागले. माझे कान तापले.

"आई, सॉरी. कोशरचं (त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांचं) माझ्या लक्षातच आलं नाही," आत्या पुटपुटली.

रूथबाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि मला फुटपाथवर घेऊन गेल्या.

"बाहेरचं शिजवलेलं दुकानात आणता येत नाही. मलाही खाता येत नाही. तुम्ही शाकाहारी असलात तरी भांडी आमच्या नियमातली नाहीत ना. रागावलात?"

रागावले नव्हते. मला तुमच्या पणजी, माझ्या सासूबाई, आठवल्या. सोवळ्यामुळे त्या माझ्या माहेरी काही खात नसत. एकदा माझी आई करंज्यांची ताटली घेऊन समोर उभी राहिली, तर त्या तोंड फिरवून बसल्या. सालासकट केळं मात्र त्यांना चालायचं.

मी विचारलं, "अख्खं फळ चालेल?"

"चालेल की! पण पळा, दहा मिनिटांत दार लावतेय मी."

"या पायानं?"

"मग लंगडत पळा!"

शेजारच्या दुकानातून मी संत्री घेऊन आले, तेव्हा बेकरीतले दिवे मालवले होते. रूथबाई पायानं दार अडवून उभ्या होत्या. त्यांनी एक संत्रं हुंगलं, तिथेच सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"आता माझ्या हातचं तुम्ही खायचं!"

आम्ही फुटपाथवर उभ्या उभ्या खाल्लं. वड्या आत्यानं परतताना गाडीतच निम्म्या संपवल्या, उरलेल्या घरी संपल्या. रिकामा डबा घेऊन मी नाशिकला सुखरूप पोचले.

नियम सासूबाईंचाही असाच होता. पण माझ्या आईला बाजूला घेऊन कुणी "रागावलात?" असं विचारलं नाही. मीही नाही. मी तिथेच उभी होते, आणि केळी हाताशी होती.