ठोक्या मिस्त्रीचे दात

ठोक्या मिस्त्री मोटारीचं दुखणं दातांनी ऐकायचा. थट्टा करत नाही, या डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याजवळ हातभर लांब पेचकस होता, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. चाक जॅकवर उचललं की पेचकसाचं टोक चाकामागच्या पत्र्याला टेकवायचं, मूठ दाढांमध्ये आवळून धरायची, डोळे मिटायचे आणि आम्हाला हातानं खुणवायचं, फिरवा चाक. मग पंपवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे गप्प. थोड्या वेळानं मूठ तोंडातून काढून तो सांगायचा, कोणत्या चाकातला ब्रेकचा कोणता शू कुठं घासतोय ते. ड्रम काढून पाहावं तर नेमकं तिथंच. त्याचा डावा कान पोरवयात गेला होता. अकोल्याला काम शिकत असताना उस्तादानं कानशिलात पाना हाणला. त्याचा राग नव्हता त्याला. म्हणायचा, "उस्तादानं कान घेतला, पण दात देल्ले."

उमरखेडच्या मोटार स्टँडमागं त्याचं टिनाचं शेड होतं. समोर सगळे मिस्त्री म्हणत, पाठीमागं ठोक्या. कारण मोटार बिघडवून आणणाऱ्या ड्रायव्हरला तो पहिल्यांदा ठोकायचा. खरंच ठोकायचा, तोंडी नाही. एका ट्रकवाल्यानं कुरकुरणारी बेअरिंग तशीच चाळीस मैल दामटली होती, त्याला मिस्त्रीनं त्याच्याच जॅकच्या दांड्यानं स्टँडभर पळवला. "आंधी डायवर दुरुस्त, मंग गाडी," हा त्याचा कायदा. आणि गंमत पाहा, मार खाल्लेला माणूस पुढच्या खेपेला त्याच्याकडंच यायचा. कारण त्यानं हात लावलेली मोटार वाटेत दगा देत नसे.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. शेडमध्ये बुद्धाची तसबीर लागली, दारू सुटली, बिडी सुटली. हात काही सुटला नाही. पानवाला त्याला डिवचायचा, "काहून मिस्त्री, पंचशील घेतलं नं तुमी? मंग हे मारझोड कशी?" मिस्त्रीला ते लागायचं, तोंडावर दिसायचं. मग म्हणायचा, "चार शीलं पाळतो बाप्पा. पयल्याची, अहिंसेची, कोशिश करून राह्यलो. पण हे डायवर लोकं करू देत नाहीत."

आणखी एक खोड होती. दुसरा माणूस मोटार चालवत असेल तर हा बाजूला बसून हँडब्रेकवर हात ठेवायचा. मोटार नुसती शेडच्या ओट्यापासून पंपापर्यंत जायची असली तरी. डोळे रस्त्यावर, पाय खाली दाबलेला, जणू तिथंही एक ब्रेक आहे. कुणी म्हणालं, "मिस्त्री, जरा आराम करा," तर म्हणायचा, "गाडीवर भरवसा हाय. माणसावर नाही."

आता माझी गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय मिस्त्री पुरा होत नाही.

ढाणकीकडच्या एका गावच्या पाटलांकडे मी ड्रायव्हर होतो. बाप त्याच वाड्यावर बैलबंडी हाकायचा, आजाही हाकत आला. पाटलांनी नागपूरहून जुनी मोटार आणली आणि आमच्या घराण्यात मी पहिला स्टेअरिंगवर बसलो. काय तो तोरा माझा! डोक्याला तेल लावून, भांग पाडून बसायचो. मिस्त्रीला तो तोरा दिसायचा. तो मला कधीही ड्रायव्हर म्हणाला नाही, "ये बंडीवाल्या" हीच हाक.

दिवाळीनंतर मोटारीचा ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज येऊ लागला, दात शिवशिवतील असा. मी ती शेडवर नेली. मिस्त्रीनं पेचकस दातात धरला, एकदाच चाक फिरवलं आणि थेट ड्रमच ठोकून काढला. माझं बोट धरून आत फिरवलं. आतल्या लोखंडाला चरे पडले होते, नख अडकेल एवढे. "शूवरची पट्टी, लायनर, घासून खलास. खालच्या रिबिटा बाहेर आल्या अन् लोखंडाले नांगरून राह्यल्या. ड्रम खरादीच्या मशीनवर घासा लागते, लायनर अकोल्याहून आणा लागते. चार दिवस गाडी इथंच राह्यल."

पाटील म्हणाले, चार दिवस जमायचं नाही. त्यांची लेक कमलताई बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला तिसऱ्या दिवशी बाळासकट पुसदला सासरी पोचवायचं होतं. सासऱ्यांनी मुहूर्त काढून दिला होता. "चालते आहे ना मोटार? मग आण." मी आणली. पण तो आवाज! ताईच्या सासरी, चारचौघांत, असा आवाज करत मोटार उभी करायची म्हणजे माझी अब्रू गेली. मग मला बापाची अक्कल सुचली. बंडीचं चाक कुरकुरलं की बाप आखाला वंगण घालतो, झालं, चाक मुकं. ड्रमला बारीक भोक असतं. चारही चाकांच्या भोकांतून मी एरंडीचं तेल ओतलं, पोटभर. ब्रेक दाबून पाहिला. आवाज पार गेला होता. गड्यांनो, त्या दिवशी मला माझा केवढा अभिमान वाटला होता!

निघायच्या सकाळी पाटील माझ्या शेजारी, मागं कमलताई आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. उमरखेडात आल्यावर मला राहवेना. पाणी घालायचं निमित्त करून मी मोटार शेडसमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरलो. मिस्त्रीच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणालो, "आवाज आला काय मिस्त्री? नाही नं? तेल घातलं. एरंडेल. बंडीच्या आखाले घालते तसं."

तो वाकला, चाकाला बोट लावलं, वास घेतला. मग उठला आणि हातातला पाना माझ्या तोंडावर मारला. वरचा डावीकडचा दात मुळासकट धुळीत पडला. मी कोलमडलो तर कॉलर धरून पुन्हा उभा केला, पुन्हा मारला. "लेकरू हाय बे गाडीत! लेकरू!" असा ओरडत होता. पाटील काठी घेऊन उतरले, मिस्त्रीच्या खांद्यावर दोन घातल्या. त्यानं त्यांच्यावर हात उचलला नाही. म्हणाला, "बाईले खाली उतरवा साहेब. ब्रेक नाही या गाडीले. पुसदच्या घाटात मराल समदे."

"आवाज तर बंद झाला. खराबी कुठं आहे?" पाटील त्याला म्हणाले आणि मला विचारलं, "काय रे, ब्रेक ठीक आहे ना?"

तोंडातून रक्त गळत होतं माझ्या. मी म्हणालो, "ठीक आहे साहेब." तेव्हा मला तसंच वाटत होतं, ही देवाशपथ खरी गोष्ट.

"आवाज गेला म्हंजे रोग गेला असं नसते," मिस्त्री म्हणाला आणि शेडमधून घण घेऊन आला. बॉनेट उघडून त्यानं रेडिएटरवर घाव घातले. उकळतं पाणी उसळून त्याच्याच हातावर आलं, कोपरापर्यंत कातडी सोलली, तरी तो थांबला नाही. जाळीचा चेंदामेंदा झाल्यावरच घण खाली टाकला. कमलताई बाळाला छातीशी दाबून उतरली होती, बाळ किंचाळत होतं. सगळा स्टँड जमला. मिस्त्रीसारख्या माणसानं पाटलाच्या मोटारीवर हात टाकला, हेच जो तो बोलत होता. का टाकला, हे एकानंही विचारलं नाही.

ताई आणि पाटील दुसऱ्या वाहनानं घरी परतले. मोटार न्यायला बाप बैल घेऊन आला. दोराला बांधून दोन बैल पुढं, बाप त्यांच्यासोबत पायी, मी स्टेअरिंगवर. गावाअलीकडं एक नाला आहे, त्याचा उतार तो केवढा, शेळीसुद्धा रमतगमत उतरते. मोटार उतारावर लागली आणि धावू लागली. सकाळी जाताना इंजिन गिअरमध्ये होतं, म्हणून हा उतार निभला होता. मी ब्रेक दाबला, पाय पार तळाला टेकला, हँडब्रेकही ओढला, चाकं गुळगुळीत फिरतच राहिली. बाप ओरडला, "ब्रेक दाब नं बे!" "दाबून राह्यलो!" बंपर डाव्या बैलाच्या मागच्या पायावर गेला. हाड मोडल्याचा आवाज मी आत बसून ऐकला. बैल बसला, हंबरला, पाय कातडीला लोंबत होता. तेवढ्याशा उतारावर हे. मग घाटात काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

बाप माझ्याकडं बघत राहिला. त्याला तेलाचा वास आला होता. म्हणाला, "तोंड बंद ठेवजो. बैल बुजला म्हनू."

संध्याकाळी पाटलांनी विचारलं, "खरं सांग. ठोक्या म्हणतो, ब्रेक नव्हता. काही केलं होतंस तू ब्रेकला?" मी म्हणालो, "नाही साहेब." नोकरी जाईल, या भीतीनं म्हणालो. दुसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा पुतण्या चार माणसं घेऊन शेडवर गेला. मलाही नेलं, ज्याला मारलं तो समोर असावा म्हणून. मिस्त्री हाताला फडकं गुंडाळून बसला होता. त्याला ओढून बाहेर काढलं, दोघांनी हात धरले. पुतण्यानं त्याचाच जॅकचा दांडा उचलला. मिस्त्री माझ्याकडं बघत होता. विनवणी नव्हती त्या बघण्यात. नुसता थांबला होता, मी बोलतो का म्हणून. मी खाली पाहिलं. पहिला घाव तोंडावर बसला, दुसराही तोंडावर. मग मोजायला कोण होतं! त्याची बायको तसबिरीखालून धावत आली, तिलाही ढकललं. आम्ही निघालो तेव्हा तो पालथा पडला होता आणि धुळीत त्याचे दात विखुरले होते. पुढचे, दाढा, सगळे. आदल्या दिवशी माझा एक तिथंच पडला होता.

दोन महिने मला अन्न गोड लागलं नाही. जिभेला तोंडातली ती फट लागली की तो पालथा पडलेला दिसायचा. शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेलो शेडवर. जबडा वाकडा बसला होता, बायको त्याला ज्वारीच्या पातळ कण्या पाजत होती. मी पाय धरले. "मिस्त्री, तेल मीच घातलं होतं. अन् पाटलाले मी खोटं सांगितलं."

बोलताना त्याची लाळ गळायची, तरी सावकाश बोलला. "तेल तू घातलं हे मले माईत हाय. तूच त सांगितलं कानात. मंग मले कायले सांगतं? ज्याले माईत नाही त्याले जाऊन सांग."

एवढंच बोलून त्यानं तोंड फिरवलं.

मी तसाच गावी गेलो. पाटलांच्या ओसरीवर चार गावचे लोक बसले होते. सगळ्यांसमोर सांगितलं, तेल, नाला, बैल, खोटं, सगळं. पुतण्यानं मला लाथा घातल्या, बरगडी मोडली. पाटील जागचे हलले नाहीत, बराच वेळ काठीच्या मुठीकडं बघत बसले. दाराआड कमलताई होती, तिनं बाळाला घट्ट पोटाशी घेतलं. नोकरी गेली, बापानं वर्षभर बोलणं टाकलं. बरगडी धरून मी पुन्हा शेडवर आलो, कारण जायला दुसरी जागाच नव्हती.

मिस्त्रीनं तो हातभर पेचकस माझ्यापुढं टाकला. "माह्यानं आता धरवत नाही. तू धर. उजव्या दाढात धर, डावीकडं फट हाय तुले. काय ऐकू येते ते सांग."

पहिल्या दिवशी मला नुसती खरखर ऐकू आली. पुढं कळू लागलं, खडा अडकला तर कसं, रिबीट घासली तर कसं, बेअरिंग गेली तर कसं. चुकलो की टपली बसायची. तेल प्यायलेले शू तो मला धुऊ द्यायचा नाही, "फेक ते, तेल आतून निघत नाही," म्हणायचा. नवं लायनर बसवताना रिबिटा मधून कडेकडं ठोकत जायचं, ड्रम खरादीवर साफ करून घ्यायचा, आणि शेवटी मोटार घाटात नेऊन अर्ध्या उतारावर ब्रेक दाबायचा. त्याशिवाय एकही मोटार मालकाला परत दिली नाही आम्ही. घाटात मोटार मी चालवायचो. बाजूला मिस्त्री, हात हँडब्रेकवर. आठ वर्षं. आठ वर्षांत त्यानं तो हात एकदाही उचलला नाही आणि मीही कधी, का ठेवता, असं विचारलं नाही. मला कारण माहीत होतं.

त्याच्या पोटात गाठ झाली तेव्हा यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. एका गिऱ्हाइकाची मोटार मागून घेतली. आदल्या दिवशी मी चारही चाकं खोलून पाहिली, पेचकस लावून ऐकली, वास घेतला. मिस्त्रीला उशी देऊन शेजारी बसवलं, मागं त्याची बायको, माझी वहिनी. बसल्याबसल्या त्याचा हात सवयीनं हँडब्रेकवर गेला. सुकून काटकी झाली होती हाताची, भाजलेल्या कातडीचा डाग तेवढा मोठा दिसत होता.

घाट सुरू झाला. पहिलं वळण घेतलं, ब्रेक दाबला, मोटार जागच्या जागी बसली. दुसऱ्या वळणाला मी सहज बाजूला पाहिलं. मिस्त्रीनं हात काढून घेतला होता. दोन्ही हात मांडीवर, मान उशीवर, डोळे मिटलेले. मी मोटार हळू केली. मागून वहिनी म्हणाली, "कायी नाही, झोपले. रातभर कण्हत होते." त्याचं ते बिनदातांचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि तो चक्क घोरत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना. पण पुसायला हात मोकळा नव्हता. मी सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. खाली सपाटीला लागल्यावर त्याला जाग आली.

"घाट झाला काय?" त्यानं विचारलं.

"झाला, मिस्त्री."

"बरं," म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.