तिसरी नळी

आमची आत्या गाड्यांना आवाज देते. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या ती हाताने वळवते आणि पुढे एका तोंडात जोडते. त्याला हेडर म्हणतात. चारही नळ्या सारख्या लांबीच्या असल्या तर आवाज घुमतो, नाहीतर इंजिन अडखळत बोलतं. म्हणून वेल्डिंगआधी ती प्रत्येक नळीत पाणी भरून मोजते. टेपवर तिचा काडीचा विश्वास नाही.

गेल्या वर्षी तिचे कान गेले; आता ती ओठ वाचते. आतेभाऊ शहाणा माणूस, न मागता शहाणपण वाटणारा. तो म्हणाला, "आई, काम आवाजाचं आणि कान बंद. लोक हसायच्या आत वर्कशॉपला कुलूप लाव."

"शर्यतीच्या गाडीचं काम हातात आहे," आत्या म्हणाली. "ते फसलं तर किल्ली तुझी."

बारा वर्षं मी तिच्या हाताखाली काढली आहेत.

तिसरी नळी तिने माझ्यावर सोपवली. गाडीवाला चारला येणार होता, मी घाईत होते. "मोजलीस?" तिने विचारलं. मी मान डोलावली. मोजली होती, पण टेपने.

गाडी सुरू झाली. गाडीवाला खूश. आतेभाऊ म्हणाला, "छान आहे की." आत्याने हातोड्याचा लाकडी दांडा दातांत धरला, दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला टेकवलं आणि डोळे मिटले. दातांतून तिला आजही सगळं ऐकू येतं.

"बंद करा. तिसरी आखूड आहे."

"आई, आम्हाला ऐकू येतंय ना," आतेभाऊ वैतागला. गाडीवाल्याने घड्याळ पाहिलं. आतेभावाने वर्कशॉपच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

मला माझीच चीड आली. मी आत्याच्या समोर उभी राहिले आणि तिला ओठ दिसतील असं म्हणाले, "मी पाणी भरलंच नाही. वळणाचं माप बाहेरच्या कडेवरून घेतलं असणार."

"मग बघत काय बसलीस? ग्राइंडर आण."

नळी कापून पाणी भरलं. बाकीच्या तीन नळ्यांपेक्षा अर्धा पेला कमी मावलं. बाहेरची कड मधल्या रेषेपेक्षा लांब भरते, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं तिने.

संध्याकाळी नवी नळी बसवून गाडी पुन्हा सुरू केली. आवाज असा भरून आला की गाडीवाल्याने ती दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली. मला आत्याचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला मी ग्राइंडरच्या धुळीचं निमित्त केलं.

आतेभावाने गुपचूप हातोडा उचलला, दांडा दातांत धरला, सांगाड्याला टेकवला. बराच वेळ वाकून उभा होता.

"काही कळत नाही," तो म्हणाला.

आत्याने त्याच्या हातातून हातोडा घेतला, दांडा पदराला पुसला आणि किल्ली माझ्याकडे दिली.

"उद्या तू लवकर उघड," ती म्हणाली. "आणि आधी पाणी भरून ठेव."